अनेक फाइल्सचा जावा प्रोग्राम एकाच कमांडमध्ये कसा चालवायचा

जावा शिकायला लागल्यावर सुरुवातीचे काही दिवस सगळा प्रोग्राम एकाच फाइलमध्ये मावतो. मग दुसरा क्लास येतो, तिसरा येतो, आणि प्रत्येकाला आपली फाइल द्यावी लागते. इथून कटकट सुरू होते. आधी जावासी या कंपायलरने सगळ्या फाइल्स कंपाइल करा, मग जावा ही कमांड देऊन प्रोग्राम चालवा. एक ओळ बदलली की पुन्हा तेच. एखादी फाइल कंपाइल करायची राहिली तर प्रोग्राम जुन्याच कोडवर चालतो आणि तुम्ही अर्धा तास डोकं खाजवत बसता.

जेडीके (जावाचा कंपायलरसकट पूर्ण संच) 22 पासून ही दोन पावलं एका पावलात होतात. पहिली फाइल दाखवायची, बाकीच्या फाइल्स जावा स्वतः शोधतो, मेमरीतच कंपाइल करतो आणि प्रोग्राम सुरू करतो. फक्त हा शोध तो फाइलच्या आणि फोल्डरच्या नावावरून घेतो. त्यामुळे या पद्धतीत नवशिक्यांना जे एरर येतात, त्यातले बहुतेक कोडमधले नसतात, नावांमधले असतात. या लेखाचा बराचसा भाग म्हणूनच नावांवर खर्च केला आहे.

कमांड वाचायची रीत आधी सांगून ठेवतो. इथे सगळ्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. क्लासच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं म्हणजे कॅपिटल, बाकी लहान. ‘मेन.जावा’ म्हणजे मोठा एम, मग लहान ए, आय, एन, मग टिंब, मग सगळं लहान लिपीत जावा. कमांडचं नाव आणि डॅशने सुरू होणारे पर्याय लहान लिपीत, काही पर्यायांत मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी व्हर्जन बघा

टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही कमांड द्या:

जावा --व्हर्जन

22 किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर पुढे जा. जेडीके 22 मार्च 2024 मध्ये आला. नव्याने बसवणार असाल तर 25 घ्या. तो सप्टेंबर 2025 चा आहे आणि दीर्घकाळ आधार मिळणारा, म्हणजे एलटीएस आहे. मधले 23 आणि 24 घेण्यात विशेष अर्थ नाही.

आकडा 11 ते 21 च्या दरम्यान असेल तर एक फाइल थेट चालेल, अनेक चालणार नाहीत. एका फाइलची सोय सप्टेंबर 2018 मध्ये जावा 11 सोबत आली होती. दुसऱ्या फाइलमधला क्लास तिथे सापडत नाही आणि ‘कॅनॉट फाइंड सिंबॉल’ असा एरर येतो. हा एरर पाहून कोडमधलं स्पेलिंग तपासत बसू नका, आधी आकडा बघा.

आकडा 8 असेल तर ही कमांडसुद्धा चालणार नाही, कारण त्या काळात तिच्यात एकच डॅश द्यायचा असायचा. एक डॅश देऊन व्हर्जन विचारलं तर 1.8 ने सुरू होणारं उत्तर येतं. तो जावा 8 च. त्यावर मेन.जावा चालवू पाहिलं तर ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ असं उत्तर मिळतं, कारण तो ‘मेन.जावा’ हे अख्खं क्लासचंच नाव समजतो.

नवा जेडीके बसवूनही जुनाच आकडा दिसतोय? मग मशीनवर दोन जावा आहेत आणि पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत, जुना पुढे आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर जावा’ दिलं की सगळे पत्ते ओळीने दिसतात. सगळ्यात वरचा जो असेल तो चालतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जाऊन नव्या जेडीकेचा बिन फोल्डर पाथच्या वरच्या टोकाला न्या आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. उघडं असलेलं टर्मिनल जुनाच पाथ धरून बसतं. हे हमखास विसरलं जातं. उबुंटूवर ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा’ या कमांडने यादी येते आणि हवा तो आकडा निवडता येतो.

आणखी एक: जेडीकेच हवा. नुसता जेआरई, म्हणजे फक्त प्रोग्राम चालवण्यापुरता जावा, असेल तर त्यात कंपायलर नसतो आणि ही सगळी सोय कंपायलरवरच उभी आहे.

तीन फाइल्सचं उदाहरण

किराणा दुकानाचं बिल घेऊ. ‘दुकान’ नावाचा एक रिकामा फोल्डर करा (नाव रोमन लिपीत, मध्ये जागा नको) आणि त्यात तीन फाइल्स ठेवा.

पहिली आयटम.जावा. यात आयटम नावाचा एक रेकॉर्ड. त्याचे तीन घटक: नाव ही स्ट्रिंग, नग आणि दर हे इंट. आत एकच मेथड, नग गुणिले दर परत देणारी. रेकॉर्ड जावा 16 पासून पक्का झालेला आहे, त्यामुळे कन्स्ट्रक्टर आणि गेटर लिहायची हमाली इथे नाही.

दुसरी बिल.जावा. यात बिल नावाचा क्लास, आत आयटमची एक अरेलिस्ट, एक ‘अ‍ॅड’ मेथड आणि सगळ्या आयटमची बेरीज देणारी ‘टोटल’ मेथड. वरती जावा.युटिल मधल्या लिस्ट आणि अरेलिस्टचे इंपोर्ट लागतील.

तिसरी मेन.जावा. यात मेन क्लास आणि मेन मेथड. एक बिल तयार करा, 160 रुपये दराने 2 किलो तूरडाळ आणि 45 रुपये दराने 5 किलो साखर त्यात टाका आणि टोटल छापा.

तिन्ही फाइल्समध्ये पॅकेजची ओळ लिहू नका, ती नंतर बघू. आता टर्मिनलमध्ये ‘दुकान’ फोल्डरमध्ये शिरा आणि एकच कमांड द्या:

जावा मेन.जावा

545 छापून आलं की झालं. फोल्डरमध्ये बघा: डॉट-क्लास फाइल एकही नाही. कंपाइल झालेलं सगळं मेमरीत होतं, प्रोग्राम संपला तसं तेही गेलं.

नेमकं काय घडलं ते समजून घ्या, पुढचे एरर त्यातूनच उलगडतात. जावाने मेन.जावा कंपाइल करायला घेतली. तिच्यात बिल नावाचा क्लास दिसला. तो या फाइलमध्ये नाही, म्हणून जावाने त्याच फोल्डरमध्ये बिल.जावा नावाची फाइल शोधली. तिच्यात आयटम दिसला, म्हणून आयटम.जावा शोधली. प्रत्येक फाइल उघडून आत कोणते क्लास आहेत हे तो पाहत नाही. क्लासचं नाव अधिक डॉट-जावा, एवढाच त्याच्याकडे पत्ता असतो.

नावं चुकली की काय होतं

समजा आयटमचा रेकॉर्ड तुम्ही बिल.जावा मध्येच खाली लिहिला आणि मेनमध्ये थेट आयटम वापरला. आयटम.जावा नावाची फाइल नाही म्हटल्यावर जावाने तो शोधायचा कुठे? ‘जावासी *.जावा’ अशी सगळ्या फाइल्सची मोट बांधून कंपाइल केलं तर हेच चालून जातं, म्हणून जुन्या असाइनमेंट या पद्धतीने चालवताना लोक गोंधळतात. उपाय सरळ आहे: दुसऱ्या फाइलमधून ज्याला हाक मारायची आहे, त्या प्रत्येक क्लासला, रेकॉर्डला, इंटरफेसला, एनमला स्वतःची फाइल द्या.

लहान-मोठी लिपीही तितकीच महत्त्वाची. क्लासचं नाव मोठ्या बी ने आणि फाइलचं लहान बी ने असेल, तर लिनक्सवर फाइल सापडणार नाही. विंडोजची फाइल सिस्टिम लिपीचा भेद मानत नाही, त्यामुळे तिथे चूक झाकली जाऊ शकते आणि मग ती सबमिशनच्या दिवशी, दुसऱ्याच्या मशीनवर उघडी पडते.

विंडोजवरच आणखी एक सापळा आहे. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना फाइल ‘बिल.जावा.टीएक्सटी’ अशी होऊन बसते आणि एक्सप्लोरर शेपूट लपवत असल्याने तुम्हाला ‘बिल.जावा’च दिसतं. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाइलचं एक्स्टेन्शन दाखवणं आजच चालू करून टाका.

मेन मेथड असलेला क्लास त्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. वर एखादा मदतनीस क्लास आणि खाली मेन, असा क्रम असला तर जावा पहिल्याच क्लासमध्ये मेन मेथड शोधायला जातो आणि ती नाही अशी तक्रार करतो. नव्या व्हर्जनमध्ये याबाबतीत थोडी सूट आहे, पण तिच्या भरवशावर राहायचं कारण नाही.

पॅकेज आलं की फोल्डर आलं

फाइल्स वाढल्या की पॅकेज, म्हणजे क्लासचा एका नावाखालचा गट, करावंसं वाटतं. समजा तिन्ही फाइल्स ‘हिशोब’ या पॅकेजमध्ये टाकल्या, म्हणजे प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत ‘पॅकेज हिशोब;’ लिहिलं. तर त्या फाइल्स ‘हिशोब’ याच नावाच्या फोल्डरमध्ये असायला हव्यात. ‘दुकान’च्या आत ‘हिशोब’, त्याच्या आत तीन फाइल्स. आणि कमांड ‘दुकान’मध्ये उभं राहून द्यायची:

जावा हिशोब/मेन.जावा

जावा इथे एक छोटं गणित करतो. पहिल्या फाइलचा पत्ता घेतो, त्याच्या शेवटून पॅकेजच्या नावाएवढे फोल्डर वजा करतो आणि जे उरलं त्याला मूळ फोल्डर मानतो. बाकीच्या सगळ्या फाइल्स या मुळापासून शोधल्या जातात. पॅकेजची ओळ नसेल तर पहिली फाइल जिथे आहे तो फोल्डरच मूळ.

पॅकेजचं नाव एक आणि फोल्डरचं दुसरं असेल तर वजाबाकी जमत नाही. मग फाइलच्या पत्त्याचं शेवट पॅकेजच्या नावाशी जुळत नाही, अशा अर्थाचा एरर येतो आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. जेडीके 11 ते 21 मध्ये एकच फाइल चालवताना ही जुळणी तपासली जात नव्हती. त्यामुळे आधी व्यवस्थित चालणारी एखादी जुनी फाइल जेडीके 22 वर येऊन अडली, तर आधी पॅकेजची ओळ आणि फोल्डरचं नाव शेजारी ठेवून बघा.

एकाच फोल्डरमध्ये मेन मेथड असलेल्या दोन-चार फाइल्स असल्या तरी अडचण नाही. बिलछपाई.जावा आणि साठातपासणी.जावा असे दोन वेगळे प्रोग्राम एकच आयटम.जावा वापरू शकतात. महाराष्ट्रातल्या डिप्लोमाच्या आणि पदवीच्या जावा प्रात्यक्षिकांसाठी ही सोय चांगली आहे: सत्राची सगळी प्रात्यक्षिकं एका फोल्डरमध्ये, सामायिक क्लास एकदाच लिहिलेले, आणि ज्या प्रात्यक्षिकाचं नाव कमांडमध्ये द्याल ते चालेल.

‘जावा मेन’ आणि ‘जावा मेन.जावा’ यांत फरक आहे

शेवटचं ‘.जावा’ हीच या पद्धतीची खूण. ते लिहिलं तर सोर्स फाइल वाचली जाते. ते विसरून नुसतं ‘जावा मेन’ दिलं, तर जावा डॉट-क्लास फाइल शोधतो. नवा फोल्डर असेल तर ती नसतेच आणि एरर येतो. ते बरंच म्हणायचं. खरा घोळ तेव्हा होतो, जेव्हा कधीकाळी जावासी चालवून तयार झालेली मेन.क्लास तिथे पडून असते. मग प्रोग्राम चालतो, पण महिन्यापूर्वीचा. तुम्ही कोड बदलता, उत्तर बदलत नाही.

जेडीके 11 ते 21 मध्ये याची उलटी बाजूही भेटते: फोल्डरमध्ये मेन.क्लास पडलेली असताना ‘जावा मेन.जावा’ दिलं तर ‘हा क्लास आधीच क्लास पाथवर (जावा तयार क्लास आणि लायब्ररी शोधतो त्या ठिकाणांवर) आहे’ अशा अर्थाचा एरर येऊन काम थांबतं. दोन्हींवर एकच औषध. सोर्स फोल्डरमधल्या सगळ्या डॉट-क्लास फाइल्स पुसून टाका. त्या पुन्हा केव्हाही बनवता येतात, जपून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

शिळ्या क्लास फाइलचा एक प्रकार इतका बेमालूम आहे की तो वेगळा सांगायला हवा. समजा दर.जावा मध्ये कराचा दर ‘स्टॅटिक फायनल इंट’ म्हणून 18 लिहिला आहे आणि बिल.जावा तो वापरते. दोन्ही जावासीने कंपाइल केल्या. आता दर बदलून 5 केला आणि फक्त दर.जावा पुन्हा कंपाइल केली. बिल अजूनही 18 नेच निघेल! कारण अशी स्थिर संख्या कंपायलर वापरणाऱ्याच्या क्लास फाइलमध्ये थेट चिकटवून टाकतो, बिल.क्लास चालताना दर.क्लासला विचारायला जातच नाही. एका कमांडच्या पद्धतीत दर वेळी सगळं नव्याने कंपाइल होतं, म्हणून हा प्रकार संभवत नाही. टाइप करायचे कष्ट वाचतात ते वाचतातच, पण माझ्या मते या पद्धतीचा मोठा फायदा हा आहे.

पर्याय आधी, फाइल मध्ये, माहिती शेवटी

कमांडमधला क्रम ठरलेला आहे. फाइलच्या नावाआधी जे येतं ते जावासाठी, नंतर येतं ते तुमच्या प्रोग्रामसाठी. ‘जावा मेन.जावा साखर 5’ असं दिलं तर ‘साखर’ आणि ‘5’ मेन मेथडच्या स्ट्रिंग अ‍ॅरेत पोचतात. क्लास पाथचा पर्याय चुकून फाइलनंतर लिहिला तर तोही निमूटपणे त्याच अ‍ॅरेत जाऊन बसतो. जावा काही तक्रार करत नाही, पण लायब्ररी मात्र सापडत नाही.

बाहेरची लायब्ररी, म्हणजे जार फाइल, वापरायची असेल तर ‘लिब’ नावाचा फोल्डर करा, जार त्यात टाका आणि असं चालवा:

जावा -सीपी "लिब/*" मेन.जावा

अवतरणचिन्हं गाळू नका. ती नसतील तर लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलच त्या चांदणीचा विस्तार करून सगळ्या जारची नावं जागा सोडून ओळीने मांडतं, आणि जावा दुसऱ्या जारला चालवायची फाइल समजून बसतो. एकच जार असेल तेव्हा हे चालून जातं, दुसरी टाकली की मोडतं. एकाहून जास्त ठिकाणं द्यायची असतील तर विंडोजवर मध्ये अर्धविराम, लिनक्स आणि मॅकवर अपूर्णविराम म्हणजे कोलन.

डेटाबेसच्या प्रात्यक्षिकात मायएसक्यूएलची कनेक्टर जार याच फोल्डरात ठेवा. ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ असा एरर आला तर दोनच गोष्टी तपासायच्या: जार खरोखर लिबमध्ये आहे का, आणि -सीपी फाइलच्या नावाआधी लिहिलं आहे का. तरीही आला तर जोडणीच्या पत्त्याची सुरुवात चुकली असेल.

टीएक्सटी किंवा सीएसव्ही फाइल वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये लक्षात ठेवा: नुसतं नाव दिलेली फाइल जावा तुम्ही जिथून कमांड दिली त्या फोल्डरमध्ये शोधतो. सोर्स फाइल कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘दुकान’मधून चालवताय तर ती ‘दुकान’मध्ये हवी, ‘हिशोब’मध्ये नाही.

मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं

‘तूरडाळ’ असं देवनागरीत लिहिलं आणि विंडोजच्या पडद्यावर प्रश्नचिन्हं किंवा चौकोन आले, तर दोष बहुधा पडद्याचा. जेडीके 18 पासून जावा सोर्स फाइल यूटीएफ-8 धरूनच वाचतो. पण छापताना कन्सोलचं एन्कोडिंग वापरलं जातं. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘सीएचसीपी 65001’ द्या, मग प्रोग्राम चालवा. तेवढ्याने भागलं नाही तर फाइलच्या नावाआधी ‘-डीएसटीडीआउट.एन्कोडिंग=यूटीएफ-8’ हा पर्याय जोडा. यात पहिला डी मोठा, एसटीडीआउट आणि एन्कोडिंग लहान लिपीत. चौकोन तरीही दिसले तर फाँटमध्ये देवनागरी नाही. विंडोज टर्मिनल वापरून बघा.

फाइल सेव्ह करताना ‘यूटीएफ-8 विथ बॉम’ हा प्रकार निवडू नका. बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला चिकटणारं एक न दिसणारं अक्षर. जावाचा कंपायलर त्याला अडतो आणि पहिल्या ओळीतच ‘इल्लीगल कॅरॅक्टर’ म्हणतो, जिथे डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही.

जाता जाता: जावामध्ये क्लासची आणि व्हेरिएबलची नावंसुद्धा देवनागरीत चालतात. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन राहतात. पण वर पाहिलं तसं क्लासचं नाव म्हणजे फाइलचं नाव, आणि देवनागरी नावाची फाइल झिप करून या मशीनवरून त्या मशीनवर नेताना नाव बिघडू शकतं. व्हेरिएबलपुरती हौस करा, क्लासला रोमनच ठेवा.

चाललं म्हणजे सगळं बरोबर आहे असं नाही

एका कमांडच्या पद्धतीत फक्त वापरात आलेल्या फाइल्स कंपाइल होतात. त्याच फोल्डरमध्ये अर्धवट लिहिलेली, चुकांनी भरलेली परतावा.जावा पडली असेल आणि मेन तिला कुठेच हाक मारत नसेल, तर तिच्याकडे कोणी बघतही नाही. प्रयोग करताना हे सोयीचं आहे. सबमिशनच्या आधी मात्र धोक्याचं.

शिवाय कोणती फाइल कधी कंपाइल होईल याची हमी नाही. काही प्रोग्राम सुरू होण्याआधी होतात, काही तो चालू असताना, गरज पडेल तशा. त्यामुळे निम्मं आउटपुट छापून झाल्यावर मध्येच कंपाइलचा एरर आला तर दचकू नका.

म्हणून काम दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एकदा जुन्या रीतीने सगळं तपासून घ्या:

जावासी -एक्सलिंट -डी आउट *.जावा

‘-डी आउट’मुळे क्लास फाइल्स ‘आउट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात, सोर्समध्ये पसारा होत नाही. ‘-एक्सलिंट’ (एक्स मोठा) कंपायलरच्या सगळ्या सूचना दाखवतो. हा पर्याय थेट चालवताना देता येत नाही, कारण जावा कमांड कंपायलरसाठीचे मोजकेच पर्याय पुढे पोचवते.

अ‍ॅनोटेशन प्रोसेसिंग, म्हणजे @ ने सुरू होणाऱ्या खुणा वाचून कंपाइल होताना जादा कोड तयार करणं, हेही या पद्धतीत बंद असतं. गेटर आपोआप बनवणाऱ्या लाँबॉकसारख्या लायब्ररीवर चालणारा कोड, जार क्लास पाथवर असूनही, गेटर सापडत नाहीत म्हणून कोसळेल. तो कोड मेवन किंवा ग्रेडल या प्रकल्प बांधणाऱ्या साधनांनीच चालवावा. आणि फोल्डरच्या मुळाशी मॉड्यूल-इन्फो.जावा असेल तर तुमचा प्रोग्राम मॉड्यूल म्हणून चालतो, मग जावा.एसक्यूएल सारख्या गोष्टी तिथे ‘रिक्वायर्स’ लिहून मागाव्या लागतात. शिकण्यापुरत्या प्रोग्रामला ही फाइल लागत नाही. एडिटरने आपणहून बनवली असेल तर काढून टाका.

जेडीके 25 मधला छोटा मेन

25 मध्ये मेन.जावा आणखी आटोपशीर होते. क्लासची ओळ, पब्लिक, स्टॅटिक, स्ट्रिंग अ‍ॅरे हे काहीच न लिहिता नुसती ‘व्हॉइड मेन’ मेथड लिहिली तरी चालतं, आणि छापायला ‘आयओ.प्रिंटएलएन’ पुरतं. त्यातला ‘आयओ.’ गाळू नका. 23 आणि 24 च्या प्रायोगिक रूपात तो गाळता येत होता आणि तेव्हाचे लेख अजून फिरताहेत. ते कोड 25 वर ‘कॅनॉट फाइंड सिंबॉल’ देतात.

अनेक फाइल्सच्या संदर्भात इथे एक ठेच ठरलेली. अशा छोट्या फाइलला लिस्ट, अरेलिस्ट वगैरे आयते मिळतात, इंपोर्ट लिहावे लागत नाहीत. म्हणून लिस्ट वापरणारी एखादी मेथड तुम्ही मेनमधून उचलून बिल.जावा मधल्या नेहमीच्या क्लासमध्ये नेलीत की एरर येतो, कारण ही सवलत फक्त छोट्या फाइलला आहे. बिल.जावा मध्ये इंपोर्ट लिहा. एकेक नको असतील तर 25 मध्ये ‘इंपोर्ट मॉड्यूल जावा.बेस;’ ही एक ओळ सगळ्यांचं काम करते. दुसरं म्हणजे या बिनक्लासच्या फाइलला बाकीच्या फाइल्स नावाने हाक मारू शकत नाहीत. मेन बिलला बोलावतो, बिल मेनला नाही. सामायिक काही असेल तर ते स्वतंत्र फाइलमध्ये काढा.

कॉलेजच्या मशीनवर जुनाच जावा असेल तर

दोन कमांड एका ओळीत जोडा:

जावासी -डी आउट मेन.जावा && जावा -सीपी आउट मेन

इथेही नुसती मेन.जावा दिली की बाकीच्या फाइल्स जावासी स्वतः शोधतो, त्याच नावाच्या नियमाने. ‘आउट’ फोल्डर आधी हाताने बनवा. जावा 8 चा कंपायलर तो आपणहून करत नाही. दोन अँपरसँडचा अर्थ, पहिली कमांड यशस्वी झाली तरच दुसरी चालव. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल 5.1 ला हे चिन्ह कळत नाही. तिथे अर्धविराम द्यावा लागतो, पण मग कंपाइल फसलं तरी दुसरी कमांड चालते आणि आउटमधला जुना प्रोग्राम पुढे येतो. त्यापेक्षा साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा.

दुसऱ्या भाषांत हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात भेटतो. गो भाषेत ‘गो रन मेन.गो’ दिलं की शेजारच्या फाइलमधलं फंक्शन ‘अनडिफाइन्ड’ निघतं, कारण तिथे नाव दिलेल्या फाइल्सच घेतल्या जातात, ‘गो रन .’ असं जागा सोडून टिंब दिलं की फोल्डरमधलं सगळं पॅकेज येतं. सी मध्ये शोधाशोध अजिबात नाही, प्रत्येक डॉट-सी फाइलचं नाव जीसीसी या कंपायलरला द्यावं लागतं. एक राहिली की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’.

ही पद्धत कधी सोडायची

प्रत्येक वेळी नव्याने कंपाइल होत असल्याने फाइल्स वाढतील तसा सुरू व्हायला वेळ लागतो. तो जाणवायला लागला, किंवा लायब्ररीच्या जार हाताने गोळा करणं नकोसं झालं, की मेवन किंवा ग्रेडलकडे वळा. पॅकेज आणि फोल्डर आधीपासून जुळलेले असतील तर ‘हिशोब’ फोल्डर उचलून ‘एसआरसी/मेन/जावा’ मध्ये ठेवायचा, कोडला हात लावावा लागत नाही.

मित्राला नुसता प्रोग्राम द्यायचा असेल तर तेवढ्यासाठी मेवन नको. पॅकेज केलेलं असेल तर ‘दुकान’मधून आधी ‘जावासी -डी आउट हिशोब/*.जावा’ द्या, मग:

जार --क्रिएट --फाइल बिल.जार --मेन-क्लास हिशोब.मेन -सी आउट .

यातला -सी मोठा, आणि शेवटचं टिंब कमांडचाच भाग आहे, वाक्याचा पूर्णविराम नव्हे. मेन-क्लासमध्ये पॅकेज आणि क्लास यांच्यामध्येही टिंबच येतं, तिरकी रेघ चालत नाही. मित्राकडे ‘जावा -जार बिल.जार’ देऊन चालवता येईल. फक्त त्याचा जावा तुमच्याहून जुना असेल तर ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’चा एरर येईल, मग जावासीच्या कमांडमध्ये ‘--रिलीज 17’ असा त्याच्याकडचा आकडा घालून पुन्हा बांधा. छोटा मेन लिहिला असेल तर तो आधी पूर्ण क्लासमध्ये बदलून घ्यावा लागेल, 17 ला तो कळत नाही.